अंग मोठे की प्रधान?

कार्तिक महिन्यातील गोष्ट. त्रिपुरी पौर्णिमेचा दीपोत्सव आटोपून दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या कचेरीत बसलो असता एक परिचित गृहस्थ आले. वय चाळिशीकडे झुकलेले. एका निमसरकारी संस्थेत गेली पंधरा वर्षे कारकुनी करणारे. जत्रेत पालखीला खांदा देणारे. आणि स्वभावाने इतके सरळ की आजवर वकिलाची पायरी चढण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला नव्हता. त्यांच्या हातात दोन कागद होते. एक त्यांना मिळालेला मेमो आणि दुसरा त्यांनी स्वतः लिहिलेला राजीनामा. पहिल्याला उत्तर काय द्यावे आणि दुसरा द्यावा की न द्यावा, हे त्यांना विचारावयाचे होते.

हकीकत थोडक्यात अशी. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या कचेरीत नवे वरिष्ठ आले आणि त्यांच्यामागून नियमांची रांग आली. सकाळ-संध्याकाळ यंत्रावर बोटाचा ठसा उमटवावयाचा, हे तर आता सर्वत्रच आहे. पण येथे पाणी पिण्यास उठले तरी हालचाल नोंदवहीत वेळ लिहावयाची. जावक पत्राचा प्रत्येक मसुदा, मग तो दोन ओळींचा का असेना, साहेबांना दाखवावयाचा. साहेब बाहेरगावी असले तर भ्रमणध्वनीवर तासातासाला 'आता काय चालले आहे' याचा जबाब द्यावयाचा. आणि साहेबांची सही झाल्यावाचून बाहेरचा कोणताही कागद स्वीकारावयाचा नाही. अशा स्थितीत एक वृद्ध बाई हयातीचा दाखला घेऊन आल्या. पतीच्या मागे मिळणाऱ्या निवृत्तिवेतनासाठी हा दाखला दर वर्षी द्यावा लागतो. आयुष्यभर शेतात राबून बाईंच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या. यंत्र त्यांचा ठसा ओळखीना, म्हणून कागदच द्यावा लागत होता. दोनदा त्या येऊन परत गेल्या, कारण दोन्ही वेळा साहेब सभेसाठी पणजीला गेलेले. तिसऱ्या वेळीही साहेब नव्हते. भ्रमणध्वनीही उचलला गेला नाही. आमच्या या गृहस्थांनी दाखला घेतला, बाईंना पोच दिली, आणि नोंदवहीत वेळ, कारण व आपली सही असे सगळे स्वच्छ लिहून ठेवले. दुसऱ्या दिवशी मेमो आला: आज्ञाभंगाबद्दल आपणांवर कारवाई का करू नये, याचा चोवीस तासांत खुलासा करावा.

एवढे सांगून ते थांबले आणि त्यांनी आपल्या बोलीत विचारले, "वकीलबाब, म्हजें चुकलें?"

कायद्याचे उत्तर आमच्या जिभेवर तयार होते. औद्योगिक नोकरीच्या स्थायी आदेशांचा कायदा १९४६ साली झाला, आणि त्याखालील नमुन्याच्या आदेशांत आज्ञाभंग हे गैरवर्तन म्हणून नोंदले गेले. पण तेथे आज्ञेला दोन विशेषणे जोडलेली होती. आज्ञा कायदेशीर हवी आणि वाजवीही हवी. तो कायदा पुढे २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत विलीन झाला, तरी ही दोन विशेषणे नोकरीविषयक न्यायाच्या अंगात मुरलेली आहेत. शिवाय अशक्य ते करावयास कायदा कोणाला भाग पाडीत नाही, हे तत्त्व तर त्याहूनही जुने. या आधारावर मेमोला उत्तर देणे कठीण नव्हते. परंतु गृहस्थांनी 'मी सापडलो का' असे विचारले नव्हते. 'माझे चुकले का' असे विचारले होते. या दोन प्रश्नांत अंतर आहे, आणि दुसऱ्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. म्हणून तो प्रश्न आम्ही या पानावर वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम वरिष्ठांची बाजू मांडणे न्यायाचे ठरेल. नियम हा दुष्टपणातून जन्मतो असे मानणे भाबडेपणाचे आहे. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात अधिकाऱ्यांनी राजद्रव्य खाण्याचे चाळीस प्रकार मोजून ठेवले आहेत, आणि पाण्यात फिरणारा मासा पाणी केव्हा पितो हे जसे कळत नाही तसेच पैशाच्या कामावरील माणसाचे असते, असे तो बजावतो. माणसाविषयीचे हे निरीक्षण कटू आहे, पण खोटे नाही. ज्या कचेरीत पोच दिली जात नाही, नोंद ठेवली जात नाही, तेथे पहिला बळी जातो तो दुबळ्याचा. त्या वृद्ध बाईंच्या मागे ना वशिला ना पैसा. त्यांच्या बाजूने उभा राहणारा एकच आप्त, तो म्हणजे नियम. सर्वांना सारखा लागू होणारा नियम नसता, तर त्यांना कारकुनाच्या मर्जीवर जगावे लागले असते. तेव्हा नियमच नकोत असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसणार नाही. वरिष्ठांच्या मनातील भीतीही आम्ही समजू शकतो. त्यांच्याही वर कोणी आहे; हिशेबतपासनीस आहे; उद्या एखादा कागद गहाळ झाला तर जाब त्यांनाच द्यावा लागणार. मनुष्य भ्याला म्हणजे मूठ आवळतो. आवळलेली मूठ दुसऱ्याला कठोर वाटते, पण पुष्कळ वेळा ती भ्यालेली असते.

मग बिघडते कोठे? याचे उत्तर शोधताना आम्हांला आधुनिक व्यवस्थापनशास्त्रापेक्षा आपल्या पूर्वमीमांसेचे साहाय्य अधिक झाले. वाचकांना हे नवल वाटेल. कर्मकांडाइतके नियमबद्ध असे दुसरे काही जगात क्वचितच असेल. कोणते द्रव्य, कोणते पात्र, कोणता क्रम, हे सारे तेथे ठरलेले. तथापि याच शास्त्राने नियमाच्या मर्यादेचा जो सूक्ष्म विचार केला, तो आजच्या कोणत्याही कचेरीने शिकावा असा आहे. मीमांसक कर्माचे दोन भाग पाडतात: प्रधान आणि अंग. ज्यासाठी सारा खटाटोप ते प्रधान. त्याला साहाय्य करणारे ते अंग. अंगाला स्वतंत्र मोल नाही. प्रधानाच्या उपकारामुळेच त्याला मोल येते.

जैमिनींच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात प्रश्न निघतो की, नित्य कर्म करावयाचे आहे पण सर्व अंगे जुळून येत नाहीत, तर काय करावे? उत्तर असे की, फलाच्या इच्छेने केलेले काम्य कर्म सर्वांगपूर्णच हवे; परंतु नित्य कर्म शक्य तेवढ्या अंगांनिशी करावे, अंगे अपुरी पडली म्हणून प्रधान सोडू नये. पुढे विचारले आहे, की विहित द्रव्यच मिळाले नाही तर? व्रीही नसतील तर त्यांच्याशी सदृश असलेले नीवार, म्हणजे आपोआप उगवणारे रानभात, घ्यावे. कर्म थांबवू नये. आपल्या देवळांत आपण हे नित्य पाहतो. आषाढात ओहोळाला पूर येऊन फुले पोहोचली नाहीत म्हणून पूजा राहिली असे कोणी ऐकले आहे काय? जो उपचार नाही त्याच्या जागी अक्षता वाहून पुजारी पुढे जातो, आणि देव रुसल्याचे ऐकिवात नाही.

पण याच शास्त्राने एक कुंपणही घातले आहे, आणि आमच्या मते सगळ्या विचाराची किल्ली त्या कुंपणात आहे. द्रव्याला प्रतिनिधी चालतो. देवतेला चालत नाही. ज्या देवतेच्या उद्देशाने आहुती द्यावयाची, तिच्या जागी दुसरी देवता बसविता येत नाही. बसविली तर ते कर्मच वेगळे होईल.

आता कचेरीकडे वळू. तेथील कर्माची देवता कोण? ज्यांच्यासाठी ती कचेरी उघडली ते लोक. आमच्या या प्रसंगात ती वृद्ध बाई. नोंदवही, सही, ठसा, मसुदा ही सारी अंगे. वरिष्ठाचा अतिरेक होतो तेव्हा नियम संख्येने वाढतात हा खरा दोष नव्हे. नियमांच्या आडून देवताच बदलली जाते, हा दोष. बाईंच्या आसनावर साहेब जाऊन बसतात. कारकून दिवसभर राबतो, पण त्याच्या प्रत्येक हालचालीचा उद्देश लोकांचे काम होणे हा न राहता साहेबांचे समाधान होणे हा होऊन बसतो. अशा कचेरीत सगळी अंगे निर्दोष पार पडतात. नोंदवह्या कोऱ्या राहत नाहीत, वेळा चुकत नाहीत. आणि एक बाई तीनदा येऊन परत जाते.

कौटिल्य संशयी खरा, पण त्याला हे ठाऊक होते. स्वामीला कळविल्याशिवाय कोणतेही काम आरंभू नये, असा अधिकाऱ्यांसाठी त्याचा कडक दंडक आहे. आणि त्याच वाक्यात त्याने अपवाद ठेवला आहे, तो आपत्तीच्या निवारणाचा. घराला आग लागली असता आज्ञेची वाट पाहणारा सेवक कौटिल्यालाही नको होता. ज्याने चाळीस प्रकारच्या चोऱ्या मोजल्या त्याने एक दार उघडे ठेवले. ज्यांनी एकही चोरी पाहिलेली नाही असे आपण सगळी दारे लावून घेतो, हे आश्चर्य नव्हे काय?

पाश्चात्त्य देशांतही हा प्रश्न एकदा ऐरणीवर आला होता. अमेरिकेतील फ्रेडरिक टेलर यांनी १९११ साली शास्त्रीय व्यवस्थापनाच्या तत्त्वांवर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. कामगाराच्या प्रत्येक हालचालीचा वेळ घड्याळाने मोजावा, कामाची उत्तम रीत वरच्यांनी ठरवावी आणि खालच्यांनी ती तशीच्या तशी आचरावी, हा त्याचा गाभा. विचार करणारा वेगळा आणि हात चालविणारा वेगळा, अशी ही विभागणी होती. त्याच वर्षी बॉस्टनजवळील वॉटरटाऊन येथील सरकारी शस्त्रागारात ओतकाम करणाऱ्या एका कामगाराने घड्याळापुढे काम करण्यास नकार दिला, त्याला काढून टाकण्यात आले, आणि त्याचे सहकारी काम सोडून बाहेर पडले. प्रकरण तेथील लोकसभेच्या चौकशी समितीपर्यंत गेले आणि १९१५ साली सरकारी शस्त्रागारांत अशा घड्याळी मोजमापास कायद्याने मनाई झाली. त्या कामगारांना श्रमाचा कंटाळा होता असे नव्हे. भट्टीपुढे उभे राहणाऱ्यांना श्रमाचे काय भय? आपल्या हातातील कसबावरचा विश्वास काढून घेतला जात आहे, हे त्यांना सहन झाले नाही.

विश्वास काढून घेतला म्हणजे केवळ मन दुखावते असे नाही. माणसाचा नैतिक कणाच हळूहळू झिजतो. ज्याला कशाचाच निर्णय करू दिला जात नाही, तो कशाचीच जबाबदारी घेईनासा होतो. 'साहेबांनी सांगितले तसे केले' हे वाक्य आरंभी तक्रार असते, मग सवय होते, आणि शेवटी आश्रय होऊन बसते. कामगारांच्या भात्यात 'नियमानुसार काम' नावाचे एक अस्त्र आहे. संप करावयाचा नाही, फक्त प्रत्येक नियम अक्षरशः पाळावयाचा. आणि मग आगगाड्यांपासून टपालापर्यंत सारे रखडते. म्हणजे प्रत्येक संस्था जगते ती खालच्या माणसाच्या विवेकावर, जो विवेक नियमपुस्तकात कोठेही लिहिलेला नसतो. त्या विवेकाचा वरिष्ठांनी रोज उपयोग करून घ्यावयाचा आणि एक दिवस त्याबद्दलच मेमो द्यावयाचा, हा कृतघ्नपणा आहे.

येथवर लिहिताना आम्ही न्यायाधीशाच्या आसनावरून बोलत आहोत असे वाचकांस वाटले असेल. ते आसन आता सोडले पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या देवस्थानच्या समितीवर आम्ही होतो. नंदादीपाच्या आणि समयांच्या तेलाचा खर्च वाढल्याचे हिशेबात दिसले. संशय कोणावरच नव्हता, म्हणजेच थोडाथोडा सर्वांवर होता. कायद्याचे पदवीधर म्हणून नियम लिहिण्याचे काम साहजिकच आमच्याकडे आले आणि आम्ही ते उत्साहाने केले. कोठीतून तेल काढावयाचे तर समितीच्या एका सभासदाची सही हवी. किती तेल, कोणत्या दिव्याला, कोणत्या वेळी, हे चिठ्ठीवर हवे. वर्षअखेरीस तेलाचा खर्च लक्षणीय उतरला. महाजनांच्या सभेत आम्ही तो आकडा मोठ्या समाधानाने वाचून दाखविला, आणि आमचे अभिनंदनही झाले.

पुढे बऱ्याच महिन्यांनी एका जाणत्या गृहिणीच्या तोंडून सहज बोलण्यात सत्य बाहेर आले. दिव्यांची सेवा करणारे वृद्ध सेवेकरी पावसाळ्याच्या रात्री सहीसाठी आमच्या घरी येत. कधी आम्ही मडगावच्या कोर्टातून परतलेलो नसू, कधी दार लागलेले असे. दिवा तर विझू द्यावयाचा नव्हता. तेव्हा ते घरी जाऊन आपल्या नारळाचे तेल घेऊन येत. वर्षभर हे असे चालले होते. आम्ही सभेत वाचलेली बचत त्या गरीब माणसाच्या चुलीजवळच्या बुधल्यातून आली होती.

आम्ही त्यांच्याकडे गेलो. क्षमा मागितली आणि तेलाचे पैसे पुढे केले. "देवाच्या दिव्याचे पैसे घेऊन मी कोठे जाऊ?" एवढेच ते म्हणाले, आणि त्यांनी आम्हांला बसावयास पाट दिला. त्यांच्या स्वरात राग नव्हता, हीच आम्हांला मोठी शिक्षा झाली. त्यांनी प्रधान सांभाळले होते. अंगाच्या नादी आम्ही लागलो होतो. पुढे आम्ही तो नियम काढून टाकला आणि दुसरा केला: महिन्याचे तेल एकदम सेवेकऱ्यांच्या स्वाधीन करावे, आणि पहिल्या तारखेला शिल्लक सर्वांसमक्ष मोजावी. हिशेब आजही राहतो. पण दिवा कोणाच्या सहीसाठी थांबत नाही. तिजोरीच्या किल्ल्या दोघातिघांच्या हाती ठेवण्याची जी रीत अनेक संस्थांत आहे, तिने कोणाचा अपमान होत नाही, कारण ती अध्यक्षालाही तितकीच बांधते. जो नियम करणाऱ्यालाही बांधतो, आणि काम झाल्यावर हिशेब मागतो, तो सहसा चांगला असतो. जो केवळ खालच्याला बांधतो आणि प्रत्येक पावलाला परवानगी मागावयास लावतो, त्याच्याकडे संशयाने पाहावे.

मग खालच्या माणसाने वागावे कसे? आमच्या अल्प अनुभवातून आम्हांला तीन पायऱ्या दिसतात. काही नियम केवळ जाचक असतात. पाणी पिण्याची वेळ लिहून ठेवण्याने अभिमान दुखावतो, पण कोणाचे नुकसान होत नाही. असे नियम मनात कडवटपणा न साठविता पाळावेत. त्यांच्यावर खर्च करण्याइतके आपले आयुष्य स्वस्त नाही. काही नियम कामाला अडवितात. त्यांविषयी गप्प बसणे हा विनय नव्हे. लेखी, आदरपूर्वक, आणि त्याऐवजी काय करावे याची सूचना देऊन वरिष्ठांना सांगावे, व त्या टिपणाची प्रत जवळ ठेवावी. भ्यालेल्या मनुष्याची मूठ भांडणाने अधिक आवळते. तुमच्या कामामुळे त्याचे भय कमी झाले तर ती कधी कधी सैल होते. तिसऱ्या प्रकारचे नियम मात्र, निदान एखाद्या प्रसंगी, आपल्या हातून तिसऱ्याच निरपराध माणसावर अन्याय करवून घेतात. तेथे नियम मोडणे हे कर्तव्य होऊ शकते. पण दोन अटींवर. मोडावयाचा तो उघडपणे, आणि परिणाम भोगावयाची तयारी ठेवून. १९२२ च्या मार्चमध्ये अहमदाबादच्या न्यायालयात गांधीजींनी आरोप कबूल करून कायद्यातील अधिकाधिक शिक्षा मागितली. त्या पर्वतासमोर आपले कचेरीतले प्रसंग मुंगीएवढे. पण सद्‌सद्‌विवेक आणि सोय यांतील भेद ओळखण्याची कसोटी दोहींकडे एकच आहे. सोयीसाठी नियम मोडणारा तो लपवितो. विवेकाने मोडणारा त्याची नोंद करतो.

आणखी एक गोष्ट, जी सर्वांत अवघड आहे. वरून आलेला जाच खाली उतरवू नये. साहेबाने कारकुनाला खडसावावे, कारकुनाने शिपायाला, आणि शिपायाने दारातल्या म्हातारीला, ही साखळी कोणीतरी आपल्या हाताशी तोडली पाहिजे. पुष्कळांच्या आयुष्यात पराक्रमाची हीच एक जागा असते.

ज्यांच्या हाताखाली माणसे आहेत अशा वाचकांना आम्ही गीतेच्या शेवटाचे स्मरण देऊ इच्छितो. अठरा अध्याय उपदेश करून झाल्यावर भगवंतांनी अर्जुनाला काय सांगितले? हे सगळे पूर्णपणे तपासून पाहा आणि मग तुला वाटेल तसे कर. ज्यांच्या हाती विश्वाची सूत्रे, त्यांनी निर्णय एका गोंधळलेल्या योद्ध्यावर सोपविला. ज्ञान देण्यात कसूर केली नाही, आणि स्वातंत्र्य देण्यातही केली नाही. देवाने जे आपल्या भक्तापासून काढून घेतले नाही, ते आपण आपल्या कारकुनापासून, पुजाऱ्यापासून किंवा मुलापासून काढून घ्यावे, एवढा आपला अधिकार मोठा आहे काय?

आमच्या त्या गृहस्थांना आम्ही सांगितले, की आपले चुकले नाही. आणि राजीनामा आज देऊ नये, कारण रागाच्या भरात सोडलेली जागा बहुधा आपल्याहून भित्र्या माणसाच्या हाती जाते. मग दोघांनी मिळून मेमोचे उत्तर लिहिले. नोंदवहीतील त्यांची नोंद हाच त्याचा मुख्य आधार होता. मसुद्यात आम्ही वकिली सवयीने वरिष्ठांना झोंबेल असे एक वाक्य घातले होते. गृहस्थांनी ते दोनदा वाचले आणि खोडून टाकावयास सांगितले. "त्यांच्याही वर कोण आहे ते मला ठाऊक आहे," ते म्हणाले. त्या वाक्याच्या जागी त्यांनी स्वतःची सूचना लिहिली: साहेब बाहेरगावी असतील त्या दिवशी कागद घेऊन पोच देण्याचा अधिकार कोणा एकास लेखी असावा.

हे लिहीपर्यंत त्या उत्तरावर काही हुकूम झालेला नाही. बाईंचे निवृत्तिवेतन मात्र थांबले नाही.